वाचकांचे प्रश्न : घर माझे, इमारत कोणाची?

सोसायटी, चाळ आणि वस्ती यांच्या कारभाराविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. कायद्याची कलमे विचारणारी पत्रे येतील अशी अपेक्षा होती. आली ती बहुतेक माणसांविषयीची : कोण झटतो, कोण फिरकत नाही, कोणाला बोलण्याचा हक्क आहे आणि तो कोणी दिला. त्यातील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा गाभाच छापला आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेत छप्पन सदनिका आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेला दरवर्षी तेच दहा-बारा सभासद येतात. गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत त्यांच्यातच सगळे ठराव मंजूर होतात. जिन्यात मात्र प्रत्येकाची तक्रार तयार असते. लोकांना इमारतीविषयी आपलेपणाच नसेल, तर सचिवाने काय करावे? — एक सचिव, मुलुंड पूर्व

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे आपल्याकडे छप्पन घरांतून वीस माणसे हवीत आणि तेवढीही जमत नाहीत. तहकुबीनंतर गणपूर्तीची अट राहत नाही. ही सवलत संस्थेचे काम अडू नये म्हणून ठेवली आहे, पण मुंबईतील असंख्य सोसायट्यांमध्ये ती नेहमीची वहिवाट झाली आहे. सूचनापत्रावर पहिली वेळ आणि अर्ध्या तासानंतरची वेळ दोन्ही छापलेल्या असतात, आणि लोक दुसरी वेळ पाहूनच निघतात.

आपलेपणा नाही म्हणून लोक येत नाहीत, असे आपण म्हणता. लेखापरीक्षणाच्या निमित्ताने अनेक संस्थांची इतिवृत्ते वाचल्यावर माझे मत उलट झाले आहे. ज्या ठिकाणी आपल्या येण्याने काही बदलत नाही हे माणसाला कळून चुकलेले असते, तेथे तो येत नाही, आणि येत नाही म्हणून हळूहळू त्याचा आपलेपणाही आटतो. आपल्या गेल्या सभेची विषयपत्रिका काढून पाहावी. मागील इतिवृत्त कायम करणे, हिशेबपत्रकास मान्यता देणे, लेखापरीक्षक नेमणे, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. यात सभासदाने ठरवायचे असे काय उरले होते? रंगाचे काम, पंप बदलणे, सुरक्षारक्षकांचा ठेका हे सारे समितीच्या बैठकीत ठरून गेलेले असते. सभेत फक्त त्याची माहिती दिली जाते. लोकांनी परिस्थिती चुकीची वाचलेली नाही.

विक्रोळीच्या एका जुन्या संस्थेत सांडपाण्याचे लोखंडी पाइप बदलायचे होते. तेथील सचिवांनी तिन्ही दरपत्रके सभेच्या आधी पंधरवडाभर तळमजल्यावरच्या फलकावर लावली आणि प्रत्येक विंगमधून दोन-दोन सभासदांना कंत्राटदाराबरोबर गच्चीवर व मागच्या गल्लीत येण्याची विनंती केली. त्या पाहणीच्या वेळी मी तेथे होतो. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाइपाच्या सांध्यापाशी वाकून उभे राहिले, नखाने शिशाची जुनी भर उकरून पाहिली आणि कंत्राटदाराला विचारले, ‘‘छज्जा फोडावा लागेल, तो पुन्हा करून देण्याचा खर्च यात धरला आहे का?’’ धरलेला नव्हता. पुढच्या सभेला बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. पाइप बदलण्याचे काम चालू असतानाही हीच माणसे आळीपाळीने खाली येऊन उभी राहत, आणि कंत्राटदाराला एकही सांधा अर्धवट सोडता आला नाही. या गृहस्थांनी त्याआधीच्या सभांना कधी हजेरी लावली नव्हती, हे मला नंतर इतिवृत्तांवरून समजले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली, ती आपण ऐकली असेल. त्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या ग्रामसभेच्या मागे अभ्यासगट असत. निर्णयाला येणाऱ्या विषयावर आधी बसून बोलायचे, माहिती गोळा करायची, आणि मग सर्वसहमतीने ठरवायचे, अशी ती पद्धत होती. छप्पन बिऱ्हाडांच्या मुलुंडच्या इमारतीला जंगल नाही, पण पाण्याची टाकी आहे, गच्ची आहे, दुरुस्ती-देखभाल निधी आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. या १४ दिवसांत एक तरी खरा निर्णय सभासदांपुढे उघडा ठेवावा, ज्यात समितीने आपला कौल आधी दिलेला नसेल. आणि त्या निर्णयाची सभेनंतरची देखरेख बोलणाऱ्यांकडेच सोपवावी. पहिल्या वर्षी वीस जमतील असे मी म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही १९८४ साली येथे राहायला आलो, तेव्हा रस्ता नव्हता, नळाला पाणी नव्हते. कर्ज काढून, टँकर मागवून, स्वतः हिशेब लिहून आम्ही ही संस्था उभी केली. आता एक-दीड कोटी देऊन आलेले तरुण सभासद म्हणतात की, आम्ही तुमच्यापेक्षा जास्त पैसे घातले आहेत, त्यामुळे पार्किंगवर आणि निर्णयावर आमचा अधिकार जास्त. ज्यांनी रक्त आटवले त्यांचा काही मान आहे की नाही? — एक संस्थापक सभासद, बोरिवली पश्चिम

आधी तरुण सभासदांच्या म्हणण्याकडे पाहू, कारण ते पटण्यासारखे वाटते आणि तरीही मुळात चुकीचे आहे. त्यांनी दिलेले कोट रुपये संस्थेकडे आलेले नाहीत. ते घर विकून गेलेल्या माणसाकडे गेले. मुंबईसारख्या महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे घर विकले जाताना संस्थेला मिळणाऱ्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क. इमारतीच्या तिजोरीच्या दृष्टीने नव्या सभासदाची आजवरची गुंतवणूक एवढीच. घराची किंमत वाढली, त्यात आपण मागवलेल्या टँकरचा आणि लिहिलेल्या हिशेबाचाही वाटा आहे, आणि त्याचा मोबदला आपल्याला कोणी दिलेला नाही.

परंतु यावरून कारभारावर आपला हक्क अधिक ठरतो, असेही मी म्हणणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने एका सभासदाला एक मत दिले आहे. घर मोठे असो वा लहान, माणूस पहिल्या दिवसापासून असो वा कालपासून, मत एकच. पैशाने किंवा ज्येष्ठतेने आवाज मोठा होऊ नये, हा सहकाराचा पायाच आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिची रचना अशी होती की, इमारत संस्थेच्या मालकीची आणि सभासद हे भागधारक असूनही तिचेच भाडेकरू. स्वतःच्याच संस्थेचे भाडेकरू होण्यातली शिस्त त्या पिढीने जाणीवपूर्वक स्वीकारली होती. आपल्यापैकी बहुतेकांना ‘माझा फ्लॅट’ म्हणायची सवय झाली आहे. संस्थेच्या नोंदीत मात्र सभासदाकडे असतात ते भाग आणि त्या भागांमुळे मिळालेला राहण्याचा हक्क.

आपली इमारत आता चाळिशीत आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत बंधनकारक आहे. स्लॅबची गळती, पाइप, उद्वाहन, आणि एके दिवशी पुनर्विकास, हा सगळा भार पुढची वीस-तीस वर्षे त्या तरुण कुटुंबांच्या हप्त्यांवर पडणार आहे. आपण मागे जे घातले ते खरे, त्यांना पुढे जे घालावे लागणार तेही खरे. माझे प्रामाणिक मत असे की, निर्णयाचा अधिक विचार त्यांच्या बाजूने व्हावा आणि निर्णयाची माहिती आपल्याकडून जावी. जमिनीखालची पाण्याची वाहिनी कोठून वळते, बिल्डरने कोणते कागद दिले नव्हते, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत संस्थेच्या नावावर होणे) कोणत्या साली झाले, मागच्या वेळी गच्चीच्या जलरोधनात काय फसले, हे आपल्याच डोक्यात आहे. ते समितीतल्या जागेला धरून बसून टिकत नाही. एखाद्या रविवारी त्या तरुणांपैकी दोघांना बोलावून फायली उघडाव्यात आणि त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. आपला मान त्या कामात आहे, आणि तो मागावा लागणार नाही.

पार्किंगचा निर्णय सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या नियमानेच होतो. जागा कमी आणि वाहने जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीसाठी वाटप करणे हाच मार्ग. खरेदीची किंमत तेथे गैरलागू आहे.

प्रश्न : गेली अनेक वर्षे मी याच इमारतीत भाड्याने राहते. घरमालक परदेशात असतात, त्यांनी इमारत पाहिलेलीही नसेल. पाणी कधी येते, कचरा कोण उचलतो, लिफ्ट किती वेळा बंद पडते हे मला माहीत आहे. पण सभेत मला बसूही देत नाहीत. हे न्याय्य आहे का? — एक भाडेकरू, गोरेगाव पूर्व

कायद्याने आपल्याला मत नाही, आणि ते मिळवण्याची पळवाटही नाही. घरमालक सर्वसाधारण सभेला प्रतिनिधी किंवा मुखत्यार पाठवू शकत नाहीत. सहयोगी सभासदाला, म्हणजे सभासदाबरोबर जोडीने नाव नोंदलेल्याला, सभासदाच्या गैरहजेरीत मत देता येते, पण ती तरतूद कुटुंबातील व्यक्तींसाठी आहे. परिणाम असा की, ज्या घराचे मत आहे ते परदेशात निजलेले असते आणि ज्या घरात रोज लिफ्टची वाट पाहिली जाते त्याला मत नाही. मुंबईत अशी घरे थोडी नाहीत. हे मला न्याय्य वाटत नाही, पण संस्थेच्या भांडवली निर्णयांत, म्हणजे इमारत गहाण ठेवणे, पुनर्विकास, निधीची गुंतवणूक यांत, ज्याच्यावर दायित्व येते त्यालाच मत असावे, हेही मी मान्य करतो. गोंधळ होतो तो या निर्णयांत आणि रोजच्या कारभारात फरक न केल्यामुळे.

रोजच्या कारभारासाठी समिती उपसमित्या नेमू शकते. ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण, पाण्याच्या वेळा, लहान मुलांच्या खेळण्याची जागा, सण-समारंभ यांच्या उपसमितीत भाडेकरू घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आपण समितीला लेखी पत्र द्यावे. तक्रारीचे नव्हे, कामाचे. लिफ्ट कोणत्या तारखांना, किती वेळ बंद होती याची महिन्याभराची नोंद जोडून देखभाल कंत्राटाच्या फेरविचारात मदत करण्याची तयारी दाखवावी. अशी नोंद समितीकडे बहुधा नसते.

हे वाचणाऱ्या समिती-सदस्यांनाही सांगणे आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल आपण घरमालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेता, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते महापालिकेचे कर वगळून उरलेल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाहीत. म्हणजे ते घर संस्थेच्या खर्चात इतरांहून थोडा जास्तच वाटा उचलते. तेथे राहणाऱ्या कुटुंबाला ‘ते काय, भाडेकरू’ म्हणून बाजूला ठेवले, तर जिन्याचा दिवा रात्री बंद करण्यापासून गळणारा नळ कळवण्यापर्यंतची सगळी रोजची काळजी त्या कुटुंबाने का घ्यावी, याला आपल्याकडे उत्तर उरत नाही.

प्रश्न : नियम मोडणाऱ्यांना जबर दंड लावल्याशिवाय शिस्त लागत नाही, असे आमच्या अध्यक्षांचे मत आहे. आपले काय? — एक सभासद, चेंबूर

मला ते पटत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते सामाईक कुरणे, मासेमारी आणि पाटबंधारे लोक स्वतः कसे सांभाळतात या अभ्यासासाठी. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आढळले ते असे की, ज्यांना नियम पाळायचा असतो त्यांना तो बदलण्यातही वाटा असतो, देखरेख आपल्यातलेच लोक करतात, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते, ती वारंवार चुकणाऱ्यासाठी वाढत जाते. आपल्या सोसायटीत पहिल्याच वेळी हजार रुपये बिलात लागून आले, की सभासद नियम पाळायला शिकत नाही, बिलावर भांडायला शिकतो. पहिल्या वेळी समितीतल्या कोणी दार वाजवून सांगावे. आणि तो नियम कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने झाला हे दाखवता येत नसेल, तर दंडाची गोष्ट आधी बाजूला ठेवावी.

प्रश्न : आमची गिरगावातली चाळ आता पाडली जाणार असून तेथे बावीस मजल्यांची इमारत होणार आहे. चाळीत कोणाच्या घरी मयत झाले, आजारपण आले, तर सगळा मजला धावतो. गणपती, हळदीकुंकू, सत्यनारायण सगळे मिळून होते. कोणाचीही मालकी नसताना हे चालले. मालकीचे घर मिळाल्यावर ते टिकेल का, ही भीती वाटते. — एक वाचक भगिनी, गिरगाव

ताई, आपल्या पत्राने मला बराच वेळ अडकवून ठेवले, कारण त्यात या सगळ्या विषयाचे मर्म आहे. मालकी नसताना लोकांनी जीव लावला, मग मालकी आल्यावर तो का कमी व्हावा?

चाळीकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. वर्गणी कोणी किती द्यायची, मूर्ती कोठे बसवायची, आरतीचा मान कोणाचा, व्याख्यान कोणाचे ठेवायचे हे सगळे राहणाऱ्यांनीच ठरवायचे. नळावरच्या बादल्यांचा क्रम, गॅलरी झाडण्याची पाळी, गच्चीवर पापड-कुरडया घालण्याचे दिवस यांचे नियमही त्यांचेच. जे त्यांच्या हातात होते, ते त्यांनी चोख सांभाळले.

आणि त्याच चाळीचे छप्पर, तुळया, गटारे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि इमारत मालकाची असल्याने भाडेकरूंना तुळईला हात लावायचा अधिकार नव्हता, तिच्यावर पैसा घालण्याचे कारणही नव्हते. पावसाळ्यात घरे कोसळू लागली, तेव्हा सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले, आणि त्या वेळी शहर बेटावरच्या १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. म्हणजे एकाच वास्तूत, त्याच माणसांनी, गॅलरी आरशासारखी ठेवली आणि तिच्याखालचे लाकूड कुजताना पाहिले. दोन्हीकडे मालकी नव्हतीच. गॅलरीविषयी ठरवण्याची सत्ता होती, तुळईविषयी नव्हती, एवढाच फरक.

यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे मिळते. बावीस मजली इमारतीत तुळईविषयी ठरवण्याची सत्ता आपल्याला पहिल्यांदाच मिळेल, कायद्याने आणि पूर्णपणे. गॅलरीविषयीची सत्ता मात्र नकळत हातातून जाण्याचा धोका आहे. नव्या इमारतीत झाडलोट एका एजन्सीकडे असते, पाण्याचा पंप आपोआप चालतो, बल्ब गेला तर व्यवस्थापकाला फोन करायचा. शेजाऱ्याबरोबर मिळून करण्याजोगे काही उरत नाही, आणि मग शेजाऱ्याची गाठ पडते ती लिफ्टमध्ये किंवा गळतीच्या भांडणात. यात लोक बिघडतात असे नाही. एकत्र ठरवायचे आणि एकत्र करायचे काही राहत नाही, म्हणून ओळख सुटते.

चाळीच्या आठवणीत एक गोष्ट मात्र सोडून देऊ नये. चाळसमितीत बसणारे बहुतेक पुरुष असत, आणि नळावर पहाटे उभ्या राहणाऱ्या बायका. कित्येक चाळींत खोली मिळणे जातीवर आणि गावाच्या ओळखीवर ठरे. तो जिव्हाळा खरा होता, आणि त्याच्या कडाही तितक्याच खऱ्या होत्या. नव्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीत महिलांसाठी जागा राखीव असतात. हळदीकुंकवाचा आणि आजारपणातल्या डब्यांचा सगळा कारभार आपण भगिनींनीच वर्षानुवर्षे चालवलेला आहे. त्या जागा नाव घालण्यापुरत्या भरू देऊ नका. खजिनदाराचे काम मागून घ्या.

पुढचे काम आराखडा मंजूर होण्यापूर्वीचे आहे. गणपती कोठे बसेल, मयताची ताटी कोठे ठेवता येईल, स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेल का, उन्हाळी वाळवणासाठी गच्चीचा कोणता भाग खुला राहील, एकत्र बसायला सोसायटीचे कार्यालय पुरेल का, हे आर्किटेक्टला आत्ताच विचारा, कारण स्लॅब पडल्यावर ते कोणी ऐकणार नाही. प्रत्येक मजल्याचा एक प्रतिनिधी ठरवण्याची प्रथा पहिल्याच सभेत घाला. संक्रमण काळात घरे विखुरतील, तेव्हा वर्गणीची वही आणि उत्सव मात्र चालू ठेवा, मग तो एखाद्या शाळेच्या सभागृहात का असेना. आणि एजन्सी नेमली, तरी दोन-तीन कामे स्वतःकडे ठेवा. कोणती, हे मी सांगणे बरे नव्हे. आपल्या मजल्याला ते माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक घरे अशा लोकांची आहेत, ज्यांनी ती केवळ गुंतवणूक म्हणून घेतली आणि जे येथे राहत नाहीत. पुनर्विकासात त्यांना जास्त चौरस फूट आणि जास्त रोकड हवी आहे. आम्हाला दोन-तीन वर्षे मुलांच्या शाळेजवळ भाड्याने राहायचे आहे आणि विकासक पळाला तर आम्हीच रस्त्यावर येणार. मताने तर तेच जिंकणार. — तीन सभासद, अंधेरी पूर्व

पैशाची गुंतवणूक आणि आयुष्याची गुंतवणूक यांतला फरक आपण नेमका मांडला आहे, आणि कायदा तो करत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते, ठरावाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. न राहणाऱ्यांचे मत राहणाऱ्यांइतकेच मोजले जाते. पण गणपूर्तीचा हा आकडा आपल्या बाजूनेही काम करतो. न राहणाऱ्या सभासदांना सभेत स्वतः सहभागी व्हावे लागते, मुखत्यार चालत नाही, आणि मग त्यांना आपले म्हणणे ऐकावे लागते.

त्यांना शत्रू समजू नका. विकासक अर्ध्यावर थांबला तर त्यांचेही घर अडकते, फक्त त्यांच्या मुलांची शाळा अडकत नाही. ज्या मुद्द्यांवर दोघांचे नुकसान एकच आहे, तेथून बोलणे सुरू करा : बँक हमी किती रकमेची, भाडे आगाऊ किती महिन्यांचे आणि कोणाच्या खात्यात, जुनी इमारत रिकामी करण्याआधी कोणत्या परवानग्या हातात हव्यात, मुदत उलटल्यास काय. चौरस फुटांचा आकडा सगळ्यात शेवटी येऊ द्या. निविदांमध्ये तो मोठा दिसतो आणि हमी सर्वांत लहान अक्षरात असते.

समिती हे विषय घेत नसेल, तर एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करता येते, आणि ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. आपण तिघे आहात. आपल्या इमारतीत किती सभासद आहेत ते पत्रात नाही, त्यामुळे आणखी किती सह्या लागतील ते आपणच मोजा, आणि त्यांतली एक तरी सही न राहणाऱ्या सभासदाची असू द्या. मागणीपत्रात विषय स्पष्ट लिहा, प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांना द्या आणि पोच घ्या. निविदा, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराचा अहवाल आणि आजवरची इतिवृत्ते पाहण्याचा सभासद म्हणून आपल्याला हक्क आहे, त्यासाठीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा करा.